शेवंताच्या अंगावरच्या बाया

चर्र झालं आणि सगळं घर दचकलं.

मोहरी तडतडली, लसणाचा वास उठला. यशोदेच्या हातातली पळी तशीच वर राहिली. आमटीला फोडणी घालायची एवढंच हाताला ठाऊक होतं. घरात काय चाललंय ते हात विसरला होता. कालपासून घरात कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. कडी वाजवायची नाही, भांडं आपटायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, तेलाचा थेंब तव्यावर पडू द्यायचा नाही. पाच वर्षांच्या शेवंताच्या अंगावर बाया आल्या होत्या, पुरळाच्या रूपानं देवीच घरात बसली होती.

"यशोदे!" आतल्या खोलीतून सासू दबक्या आवाजात ओरडली. दबक्या आवाजात ओरडणं चिमणाबाईलाच जमायचं. "डोकं फिरलं का तुझं? घरात बाया बसल्यात अन् तू त्यांच्या नाकापुढं फोडणी घालती?"

"चुकलं, आत्याबाई. ध्यानात नाय राहिलं."

"ध्यानात नाय राहिलं म्हणे! पोर तुझीच हाय ना? का मी आणली माहेरून?"

यशोदेनं पातेलं उचललं, मागच्या दारानं नेलं आणि आमटी उकिरड्यावर ओतली. झोळीतला तान्हा बाळू जागा झाला होता. त्याला छातीशी धरून ती आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत अंधार होता. खाली जुन्या लुगड्याची घडी, तिच्यावर कडुलिंबाचा पाला आणि पाल्यावर उघडी शेवंता. गळ्यापासून मांड्यांपर्यंत लाल पुरळ, अंगावर तांबड्या मुंग्या बसाव्यात तसं. चिमणाबाई तिच्यासमोर हात जोडून बसली होती.

"आई, घरातलं माणूस हाय, अडाणी हाय. पोटात घाल."

शेवंतानं आजीकडं पाहिलं. "आजी, मला गूळ पायजे."

"आणते हां, आई."

"अन् खोबरं."

"खोबरं बी आणते."

एरवी गुळाच्या डब्याला हात लावला तर पाठीत धपाटा बसायचा. आता आपण मागू ते येतं, हे पोरीला एका दिवसात कळलं होतं. यशोदेनं हसू पदरात लपवलं. बाळूच्या टाळूवर तिनं ओठ टेकले आणि मनातल्या मनात बायांची माफी मागितली, हसल्याबद्दल.

श्रावणात शेवंताचा कान फुटला होता. ताप, ठणका, पिवळा पू. गावात नाशिकहून स्कूटरवर एक डॉक्टर यायचा, त्यानं पांढरं औषध दिलं. चांगलं मानवत होतं. पोरगी ते बोट घालून चाटायची, इतकं गोड. आणि कान सुकत आला तसं अंगावर हे उठलं. चिमणाबाईनं पोरीचा झगा वर केला, पोट बघितलं आणि लगेच पायातल्या वहाणा दाराबाहेर काढल्या.

"औषध बंद. बायांना औषध चालत नाय."

राहिलेली बाटली तिनं कुंपणाला ओतली.

शेवंताचा बाप झुंबर मळ्यातून आला की ओट्यावर पाय धुवायचा, अंगावर गोमूत्र शिंपडून घ्यायचा आणि मगच आत यायचा. बायकोच्या कानाशी लागून म्हणाला, "सरकारला कळवू का? देवीचा रोगी कळवा अन् बक्षीस मिळवा. शाळेच्या भिंतीवर लिवलेलं अजून पुसलं नाय."

"हळू बोला. आत्याबाईच देतील बक्षीस."

"ती काय देईल, ठावं हाय मला."

औषध बंद झालं आणि पुरळ मावळलं. आधी गळ्यावरचं, मग पोटावरचं, शेवटी मांड्यांवरचं. अंगावरून कोंडा झडला, खाली जुनी सावळी कातडी जशीच्या तशी. चिमणाबाईनं कडुलिंबाखाली पानावर दहीभात ठेवला, आणि दसऱ्याचा माल गेला की पोर सप्तशृंगीच्या गडावर आणीन, तुझ्या पायावर घालीन, असा नवस बोलली. वाडीतल्या बायकांना तिनं सांगितलं, "डॉक्टरच्या औषधानं नाय, बाई. दहीभातानं अन् पाल्यानं गेल्या." कान वाहायचा थांबला होता, तेही तिनं बायांचंच देणं मानलं. यशोदेनंही मानलं. न मानायला कारण नव्हतं. तिच्या स्वतःच्या लहानपणी तिच्या अंगावर आल्या होत्या, तिच्या आईच्या अंगावर आल्या होत्या.

त्या साली, म्हणजे ऐंशी साली, मखमलाबादच्या शिवारात पावसाळा लांबला. झेंडूला ते वाईट. फूल पाणी पितं, जड होतं आणि देठातून काळं पडतं. झुंबरनं अर्ध्या मळ्यात झेंडूच लावला होता. कोबी, टमाटे वर्षभर विकतात. झेंडूला बाजार एकच, दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा. त्या दिवशी नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठावर, फूल पोचलं तर पोचलं. दुसऱ्या दिवशी तेच फूल शेळीसुद्धा खात नाही.

घटस्थापना झाली तशी सगळी माणसं मळ्यात. वाकून वाकून पाठीचा कणा तापायचा. देठ नखानं तोडायचा, फुलाला दाब लागू द्यायचा नाही, ओटीत भरून पाटीत मोकळं सोडायचं. हाताची बोटं हिरवी-काळी व्हायची आणि जेवताना भाकरीला झेंडूचा वास यायचा. बांधावर गोणपाटाची खोप केली होती. तिच्यात बाळू झोळीत आणि शेवंता त्याची राखण. शेवंता फुटकी फुलं वेचून दोऱ्यात ओवायची आणि झोळीला पायानं झोका द्यायची. सुई तिच्या हातात बरी चालायची. चिमणाबाई कौतुकानं म्हणायची, "ही बाजारात बसणार. माझ्यावानी."

एका भिजक्या सकाळी शेवंता झोका द्यायची थांबली. यशोदेनं येऊन बघितलं तर अंग चटचट तापलेलं, कानाखाली पू ओघळलेला.

मळा सोडून कोणाला हलता येत नव्हतं. तरी सासू म्हणाली, "चल, दोघी जाऊन येऊ. सणासुदीचं पोर तापलेलं नको."

डॉक्टरची खोली ग्रामपंचायतीच्या मागं होती. स्टोव्हवर सुया उकळत होत्या. बाकावर माणसं, चिखलाच्या चपला, कोणाचं तरी ओकलेलं. डॉक्टरनं बॅटरी लावून कान बघितला. तरुण माणूस होता, घाईत, पण पोरांशी गोड बोलायचा.

"मागं पांढरं औषध दिलं होतं, नाही का? गुण आला होता?"

"आला तर," चिमणाबाई म्हणाली.

"औषधानं काही त्रास झाला होता? जुलाब, ओकाऱ्या? अंगावर काही उठलं वगैरे?"

"नाय बा. औषधानं काय बी नाय झालं."

ती खोटं बोलली नव्हती. यशोदेच्या डोळ्यांपुढं ते तांबडं पोट आलं, नाही असं नाही. पण ते औषधानं उठलेलं नव्हतं. त्या बाया होत्या. बायांना त्रास कोण म्हणतं? आणि इथं, चपला घालून, सुयांच्या वाफेत, परक्या पुरुषापुढं त्यांचं नाव काढायचं? तिनं पदर पुढं ओढला आणि शेवंताचा कान फडक्यानं टिपला.

डॉक्टरनं मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत पांढरं औषध ओतलं, कागदाच्या पट्टीला कात्रीनं खाचा पाडल्या आणि ती डिंकानं बाटलीला चिकटवली. "एका खाचेएवढं, सकाळ-संध्याकाळ. हलवून द्या."

शेवंता म्हणाली, "मला ठावं हाय. गोड हाय ते."

डॉक्टर हसला. सगळेच हसले.

दुसऱ्या दिवशी खोपीतून हाक आली, "आई, डोळ्यात वाळू गेली."

यशोदेनं पदराचं टोक ओलं करून डोळे पुसले. वाळू नव्हती. डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे झाले होते आणि खालचा ओठ सुजून पुढं आला होता. दुपारपर्यंत अंगावर उठलं. पण हे श्रावणातलं नव्हतं. हे काळपट होतं, जागोजाग करपल्यासारखं, आणि मधोमध पाणी धरलेले फोड.

चिमणाबाईनं बघितलं आणि ती खालीच बसली.

"कोपल्या. नवस बोललो अन् दसऱ्यावर ढकलला. अन् तुझी ती फोडणी."

बाटली बंद झाली, पाला आला, दारात पाणी शिंपडलं गेलं. सगळं मागच्यासारखं. फक्त बाया मागच्यासारख्या नव्हत्या. संध्याकाळी शेवंताच्या तोंडात जखमा झाल्या. दह्याचं बोट लावलं तरी ती किंचाळायची आणि किंचाळायला तोंड उघडलं की ओठ चिरायचा.

"आई, गूळ आणू का?" चिमणाबाईनं हात जोडून विचारलं. "काय पायजे ते माग. खोबरं आणू?"

शेवंतानं चिकटलेले डोळे उघडायचा प्रयत्न केला.

"आजी, मी बाया नाय. मला दुखतंय."

म्हातारीचे हात जोडलेलेच राहिले. मग तिनं ते डोळ्यांना लावले, पोरीला दिसू नये म्हणून तोंड फिरवलं आणि तसल्याच ओल्या आवाजात बायांना विनवत राहिली.

पहाटे यशोदा पाला बदलायला बसली. कुशीखालचा पाला उचलला तर पाल्याबरोबर कातडी आली. कांद्याचा पापुद्रा निघावा तशी, पातळ, ओली. खालचं मांस गुलाबी, बाळूच्या हिरड्यांसारखं. तिनं तो पाला हातात धरला, बाहेर आली आणि गाडीत पाट्या रचत असलेल्या नवऱ्यापुढं धरला.

"हे बघा."

झुंबरनं बघितलं. त्याच्या मागं गाडी भरली होती, वर ओलं गोणपाट. सगळा मळा त्या गाडीत होता.

"नाशिकला न्यायचं तिला," यशोदा म्हणाली.

चिमणाबाई दारात आली. "बाया अंगावर असताना उंबरा वलांडायचा नसतो. तिथं सुई टोचतील. सुई टोचली का बाया आत जातात. मग हाती काय लागत नाय."

"आत्याबाई, आता काय लागतंय हाती? कातडी लागतीय."

एवढं ती सासूला कधी बोलली नव्हती.

"आई, आजचा बाजार हाय," झुंबर म्हणाला. कोणाला म्हणाला, आईला का बायकोला, ते त्यालाच कळलं नसावं.

"गाडी कुठं चाललीय?" यशोदेनं विचारलं.

"नाशिकला."

"मग झालं तर."

ती आत गेली. बाळूला पाठीशी बांधलं. शेवंताला तिनं आपल्या मऊ लुगड्यात गुंडाळलं, गाडीच्या चाकावर पाय देऊन चढली आणि पाट्यांमध्ये बसली. निघता निघता कोनाड्यातली औषधाची बाटली तिनं ओटीत खोचली होती. का, ते तिला सांगता आलं नसतं. झुंबरनं दोन पाट्या सरकवून तिच्या पायांना जागा केली. चिमणाबाईनं पोरीच्या पावलांना हळद-कुंकू लावलं आणि हात जोडून पाटाच्या पुलापर्यंत गाडीमागं अनवाणी चालत आली.

शेजारच्या मळ्यातली भागीबाई बाजाराला गाडीतच यायची. ती चढली, शेवंताला बघून "बया गं" म्हणाली आणि बाळूला आपल्या मांडीवर घेतलं. वाटभर ती काही ना काही बोलत होती. यशोदा ऐकत नव्हती. दगडावर चाक चढलं की शेवंता कण्हायची आणि यशोदा तिला हातांवर उचलून धरायची, धक्का आपल्याला बसावा म्हणून. लुगड्यातून ओल बाहेर आली होती. ती खालच्या फुलांना लागत होती.

गंगेवर गर्दी मावत नव्हती. दसऱ्याचा बाजार, गाड्या, हातगाड्या, सायकली, झेंडूचे ढीग, आपट्याच्या फांद्या. गाडी पुढं सरकेना. लोक पाट्यांवर हात घालत होते, भाव विचारत होते, गाडीच्या दांड्यांना लोंबकळत होते. एका बाईनं गोणपाट उचकटलं आणि तिचं कोपर शेवंताच्या डोक्याला लागलं.

भागीबाई उभी राहिली आणि आपल्या बाजारी आवाजात ओरडली, "आगं सरका, सरका! पोरीच्या अंगात बाया हायेत! हात लावू नका, पाप लागंल!"

तिनं चांगल्यासाठीच केलं होतं. आणि वाट मिळाली. हां हां म्हणता गाडीभोवती मोकळं झालं. पण ते मोकळं गाडीबरोबर पुढं पुढं चालत राहिलं. ज्या आडत्याकडं झुंबर सालोसाल माल द्यायचा, त्या देवरामनं गादीवरूनच हात हलवला.

"झुंबर, इथं नको उतरवू."

"मामा, सकाळी तोडलेला माल हाय. बघून तर घ्या."

"माल कशाला बघू? पोर बसलंय त्याच्यावर. पाणी गळतंय तिचं. ही फुलं लोक देवाला घालणार, दाराला लावणार. तुझा एक माल घेतला तर माझी पाचपन्नास गिऱ्हाइकं जातील."

"खालच्या पाट्यांना लागलं नाय, मामा. गोणपाट होतं मधी."

"आरडून सांगितलंय सगळ्या बाजाराला तुमच्या बाईनं. मी काय करू?"

भागीबाईनं तोंडाला पदर लावला. झुंबर आडत्यापुढं उभा राहिला, टोपी काढून, एखादा शब्द उरलाय का बघत. मग टोपी घातली आणि बैल वळवले. दवाखान्याच्या फाटकाशी गाडी थांबवली. तिथं त्यानं पोरीला उचलायला हात पुढं केले. कुठं धरावं ते कळेना. धरण्यासारखी जागा नव्हती.

सरकारी दवाखान्यात तिला एका कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. लुगडं अंगाला चिकटलं होतं, ते मिठाच्या पाण्यानं भिजवून भिजवून सोडवलं. एक डॉक्टरीणबाई होती, केस पिकायला लागलेली. तिनं तोंड बघितलं, पापण्या उलटून डोळे बघितले.

"ताप आल्यावर काय औषध दिलंत हिला?"

यशोदेनं ओटीतून बाटली काढली. डॉक्टरीणबाईनं झाकण काढून वास घेतला, थेंब बोटावर घेऊन बघितला.

"हे आधी कधी दिलं होतं?"

"श्रावणात."

"तेव्हा अंगावर काही उठलं होतं?"

"बाया आल्या होत्या."

"कधी? औषध सुरू असताना?"

"व्हय."

"आणि औषध बंद केल्यावर गेल्या."

हा प्रश्न नव्हता. यशोदा खाली बसली. बाळू भागीबाईकडून तिच्या मांडीवर आला होता आणि दूध शोधत होता. तिनं यंत्रासारखं त्याला पाजायला घेतलं.

"बाई," डॉक्टरीणबाई म्हणाली, "त्या बाया नव्हत्या. औषध बाधलं हिला. पहिल्यांदा बाधतं तेव्हा अंग सांगतं, हे मला नको म्हणून. पुन्हा दिलं की असं होतं. सगळ्यांना नाही होत. एखाद्याच पोराला."

"औषध खराब होतं का?"

"औषध चांगलं आहे. तेच मी दुसऱ्या पोरांना देते."

हे सगळ्यात कठीण होतं. खराब असतं तर कोणाला तरी शिव्या देता आल्या असत्या.

दुपार कलल्यावर झुंबर आला. कोपरापर्यंत पिवळा झालेला.

"काय केलं मालाचं?" यशोदेनं विचारलं.

"सोडला गंगेत. पाटीमागं पाटी." तो भिंतीला टेकून बसला. "लोक हात जोडून उभे होते काठावर. एक म्हातारी पाया पडली माझ्या. म्हणाली, केवढा नवस फेडला रे बाबा." तो हसल्यासारखा आवाज झाला. मग त्यानं पिवळे हात बघितले आणि मांडीखाली लपवले.

दवाखान्यातले दिवस डोळ्यात औषध घालण्यात गेले. ठरल्या ठरल्या वेळी परिचारिका यायची, काचेच्या कांडीनं पापण्या सोडवायची. नाही सोडवल्या तर त्या बुबुळाला चिकटतात, असं म्हणाली. शेवंताला ते जळायचं. ती यशोदेचा अंगठा धरून ठेवायची. रडायला डोळ्यांत पाणीच येत नव्हतं, कोरडीच रडायची.

चिमणाबाई नारळ घेऊन आली. डॉक्टरीणबाईनं तिलाही सगळं सांगितलं. म्हातारीनं नीट ऐकलं.

"मग मी औषध वतून दिलं अन् पाला घातला, तवा गेल्या कशा बाया?"

"औषध ओतून दिलंत म्हणूनच, आजी. ते तुम्ही बरोबर केलंत."

"मंजी मी बरूबर केलं."

"तेव्हा बरोबर केलंत. पण डॉक्टरांना सांगायला हवं होतं."

म्हातारी नारळाच्या शेंडीशी चाळा करत बसली. मग सुनेकडं वळली.

"त्या डॉक्टरनं इचारलं तवा मी म्हातारी चुकले. अडाणी बाई मी. तू तर सातवी शिकलीस ना? तू का गप राहिलीस?"

सासूच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे यशोदेला दिसत होतं. म्हातारीला ते ओझं एकटीला पेलत नव्हतं; दुसऱ्याच्या डोक्यावर अर्धं टेकवायचं होतं, एवढंच. यशोदेनं अर्धं घेतलं. सगळंच घेतलं असतं, उपयोग असता तर.

शेवंता वाचली. नवी कातडी आली, चट्ट्याचट्ट्याची, कुठं काळी, कुठं गुलाबी. उजव्या बुबुळावर दुधाच्या सायीसारखा पडदा आला. डाव्यानं दिसायचं, पण उन्हात नाही. पापण्यांचे केस आत वळले होते. ते टोचायचे, दवाखान्यात जाऊन उपटून आणावे लागायचे आणि पुन्हा यायचे. सुईत दोरा ओवायला बसली की ती सुई नाकाशी धरायची आणि दोरा बाजूनं निघून जायचा. चिमणाबाईनं ती सुई-दोऱ्याची डबी उतरंडीत वर ठेवून दिली. ही बाजारात बसणार, असं ती आता म्हणत नव्हती. गडावर मात्र ती पोरीला घेऊन गेलीच. यशोदेनं अडवलं नाही.

दिवाळी झाल्यावर झुंबर आणि यशोदा गावातल्या डॉक्टरकडं गेले. भांडायलाच गेले होते. बाकावरची माणसं उठेपर्यंत थांबले. डॉक्टरला सगळं आधीच कळलं होतं. त्यानं शेवंताची हनुवटी उचलली, डोळे बघितले, आणि त्याचा हात पोरीच्या गालावर नको इतका वेळ राहिला.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला. "अंगावर काही उठलं का, म्हणून मी विचारलं होतं."

"इचारलं होतं," झुंबर म्हणाला. "पन हे असं बी व्हतं, हे नाय सांगितलं."

"प्रत्येकाला सांगत बसलो तर औषध घेईल का कोणी? तुम्ही घेतलं असतंत?"

झुंबर विचार करत राहिला. डॉक्टरही उत्तराची वाट बघत राहिला, खरोखरच. मग स्टोव्हवरचं पाणी उतू गेलं आणि तो तिकडं वळला. पाठ फिरवूनच म्हणाला, "आता कुठंही गेलात तरी हे आधी सांगा. पहिल्यांदा हे सांगा."

"सांगू," झुंबर म्हणाला. "आता सांगायला काय जातंय."

पौषात थंडी पडली. बाळूची छाती भरली. रात्रभर घरघर, सकाळी बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, दूध तोंडात धरेना. चिमणाबाईनं शेक दिला, ओव्याची पुरचुंडी गळ्यात बांधली आणि स्वतःहूनच म्हणाली, "जा बाई, घेऊन जा त्याला." यशोदेनं डॉक्टरला सगळं सांगितलं, पहिल्यांदा तेच सांगितलं. डॉक्टरनं ऐकून घेतलं, वेगळी बाटली काढली. हे दुसरं आहे, म्हणाला. न देऊन चालणार नाही, छाती वाईट आहे. पण लक्ष ठेवा.

घरी आल्यावर ती ओट्याच्या आत, सावलीत बसली. बाळूला मांडीवर आडवा घेतला. झाकण काढलं, चमच्यात औषध ओतलं. कोपऱ्यात घोंगडी पांघरून शेवंता बसली होती, उजेडाकडं पाठ करून. चमचा वाजला तशी ती सरकत सरकत जवळ आली.

"आई, औषध का?"

"व्हय. बाळूचं."

"पांढरं?"

"नाय. तांबडं हाय."

शेवंतानं हात पुढं केला, चाचपत बाळूचं झबलं वर केलं आणि त्याच्या पोटावर तळहात ठेवला. गुळगुळीत, गरम पोट. भात्यासारखं वर-खाली होत होतं. ती सगळ्या पोटावरून हात फिरवत राहिली, बेंबीभोवती, कुशीपर्यंत. यशोदेनं चमचा बाळूच्या ओठांशी नेला. त्यानं तोंड उघडलं.

"आई," शेवंता म्हणाली, "याला बाधणार असलं तर आपल्याला आधी कळंल का?"